उभं राहिल्यावरचा आकडा

दि. ९ जानेवारी

माननीय प्राध्यापक महाशय यांस,
स. न. वि. वि.

मायना वाचून दचकू नये. 'ती. दादा' असंच लिहायला घेतलं होतं. पण ज्या घरी दोन वर्षं माझी एक ओळ गेली नाही, तिथे एकदम चपला काढून आत शिरणं बरं दिसलं नसतं. काम आहे म्हणून लिहिते आहे.

मला जे होतं आहे ते सोंग नाही, असं आता रक्ताच्या तपासणीत आलं आहे. माझ्याच शरीराने तयार केलेले प्रतिपिंड, जे जंतूंवर धावायचे ते, माझ्याच मज्जापेशींवरचे निरोप झेलणारे ग्राही अडवून बसले आहेत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उभी राहिले की रक्तदाब कोसळतो. घाम येत नाही. तोंडाला कोरड, पोट हलत नाही, उजेड सुईसारखा टोचतो, आणि डोळ्यांत पाणी म्हणून नाही. हे सगळं मला ठाऊक होतंच. फक्त त्याला नाव आहे हे ठाऊक नव्हतं.

बाईंना हवं आहे ते एवढंच, की हे केव्हा सुरू झालं याची कुठे नोंद आहे का. नोंद एकच आहे आणि ती तुमच्या हिरव्या वहीत आहे. आईला शेवटचा निरोप द्यायला सगळे दिवाणखान्यात उभे होते, मी मधेच खाली कोसळले, आणि आईच्या उशाशी राहिलेलं रक्तदाबाचं यंत्र तुम्ही माझ्या दंडाला लावलंत, तो आकडा. कृपा करून कळवावा.

दुसरं. रक्तातलं पिवळं पाणी काढून त्याजागी दुसरं भरायचं, असा उपचार एक दिवसाआड पाच वेळा करणार आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून, जागा मिळेल तसं. दरवेळी सोबत घरचं माणूस लागतं. मावशी रुग्णालयापासून दोन गल्ल्यांवर राहते, म्हणून तिला विचारलं. तिने निरोप धाडला, की तुझ्या दादाने तेव्हाच मोजून पाहिलं होतं, आता आणखी काय नवं. तिचा दोष नाही. आपल्या पाच घरांत फिरणाऱ्या पत्रातलं तुमचं पान तिने वाचलेलं आहे. ते पान तुमच्याकडून मामाकडे, मामाकडून मावशीकडे, तिच्याकडून घड्याळवाल्या चुलतभावाकडे आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडे आलं. मी कशी आहे हे मला सगळ्यांच्या नंतर कळलं. मी त्यात माझं कोरं पान घातलं, आणि पुढच्या खेपेपासून लखोट्यावरच्या यादीतून माझा पत्ताच गेला.

आकडा तेवढा कळवावा. लोभाबद्दल मी काय लिहू? तुमच्याकडे काही शिल्लक असल्यास तेही कळवावं.

आपली,
पाचवं घर

---

दि. १६ जानेवारी

चि. धाकटी हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी पोहोचले. वही काढून पाहिली. नोंद अशी आहे: रक्तदाब १२८/८२, नाडी ७४, स्थिती आडवी. हीच नोंद वेगळ्या कागदावर उतरवून, खाली सही करून सोबत जोडली आहे. डॉक्टरीणबाईंना द्यावी.

त्यांनी तुला आजार कितपत समजावून सांगितला आहे ते कळत नाही. हा विषय मी एकतीस वर्षे शिकवला, तेव्हा मी तो नीट मांडून देणे उपयोगाचे ठरेल. मेंदूकडून निघालेला निरोप हृदयाकडे किंवा घामाच्या ग्रंथींकडे एका दमात जात नाही. वाटेत मज्जापेशींच्या लहान लहान गाठी आहेत. त्यांतल्या पुष्कळशा कण्याच्या दोन्ही अंगांना, माळेसारख्या ओवलेल्या. तिथे पहिला तंतू संपतो आणि दुसरा सुरू होतो. दोघांच्या मध्ये एक फट असते, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पट बारीक. पहिला तंतू त्या फटीत एक रसायन सोडतो आणि पलीकडच्या पेशीवरचे ग्राही ते झेलतात. हा ग्राही म्हणजे काय नवलाची वस्तू आहे म्हणून सांगू! पाच तुकडे वर्तुळाने उभे राहून बनलेली एक इवलीशी नळी. रसायन तिला येऊन चिकटले की मधली वाट उघडते, विद्युतभार असलेले कण आत धावतात आणि निरोप पुढे जातो. कुलूप आणि किल्ली यांचे उदाहरण मी वर्गात देत असे.

आता प्रतिपिंड. त्याला दोन हात असतात. एका हाताने तो एक ग्राही धरतो, दुसऱ्याने शेजारचा. अशी जखडलेली जोडी दिसली की पेशी ती आत ओढून घेते आणि मोडीत काढते. ग्राहींची संख्या दिवसेंदिवस घटत जाते. रसायन येते, पण झेलणारे कोणी नसते.

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. निरोगी शरीर क्षणात रक्तवाहिन्या आवळते, ठोके वाढवते. आपल्याला पत्ताही लागत नाही. तुझ्या शरीरात तो हुकूम निघतो, मात्र गाठीपाशी अडतो. डोळ्यांच्या बाहुल्यांना आकसण्याचा निरोप मिळत नाही, म्हणून उजेड टोचतो. अश्रुग्रंथींनाही निरोप मिळत नाही. हाताच्या स्नायूंवरचे ग्राही याच कुळातले खरे, पण त्यांची घडण निराळी आहे, प्रतिपिंड त्यांना ओळखत नाही. म्हणून उभे राहता आले नाही तरी तुझी शिवणकारखान्यातली कात्री चालत राहिली.

यातली आनंदाची गोष्ट ही, की पेशी मेलेली नसते. प्रतिपिंड कमी झाले की ती नवे ग्राही घडवू शकते. रक्तद्रव बदलण्याचा हेतू तोच आहे. सगळे पूर्ववत होईलच असे नाही, पण पुष्कळ होऊ शकते.

त्या दिवशी माझ्याकडून थोडी घाई झाली असावी. उपचाराच्या वेळी सोबतीला मी येऊ का, ते कळवावे.

तुझ्या वहिनीचे आशीर्वाद. प्रकृतीचे वर्तमान पाठवीत जावे, इकडे काळजी आहे.

तुझा,
दादा

---

दि. २४ जानेवारी

श्री. दादा यांस,
नमस्कार.

'माननीय' काढून 'दादा'वर आले आहे. एकदम 'ती.' होणार नाही, दमादमाने घ्यावं.

तुमचं उत्तर तपासलं. शास्त्र, दहापैकी दहा. अक्षर, दहापैकी नऊ. 'प्रतिपिंड' दरवेळी खोडून पुन्हा लिहिलेला दिसतो. कबुली, दहापैकी शून्य. अडीच पानं ग्राहींना आणि एक ओळ मला. तीही 'असावी'! लहानपणी माझ्या हातून बरणी फुटली तेव्हा तुम्ही मला 'फुटली असावी' म्हणू दिलं नव्हतंत. 'मी फोडली' असं तीन वेळा म्हणायला लावलं होतं.

तुमचं कुलूप आणि किल्लीही मला पटली नाही. मी दीड वर्ष बसून काजं करते आहे. कापायच्या टेबलाशी आठ तास उभं राहणं सुटलं, तेव्हा कारखान्यातल्या मुकादमीणबाईंनी मला गणवेशांच्या काजांवर बसवलं. त्यांनी कारण विचारलं नाही, नुसतं स्टूल सरकवलं. तर माझ्या डोक्यात हे असं बसलं. बटण ठीक, काज ठीक. पण कुणीतरी शेजारशेजारची दोन काजं एकाच दोऱ्याने शिवून टाकली. तपासणाऱ्या बाईने पाहिलं, माल खराब म्हणाली, आणि दोन्ही काजांचा भाग कापून फेकला. बटण बिचारं लटकतंय. कापड मात्र चांगलं आहे, त्यात नवी काजं करता येतील. हे बरोबर असेल तर मलाही दहापैकी काही द्यावं.

डॉक्टरीणबाईंनी तुमचा कागद पाहिला. 'आडवी' शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, की उभं करून मोजलेला आकडा कुठे आहे? मी म्हटलं, नाही मोजला. मग सहीवरचं नाव दोनदा वाचलं. म्हणाल्या, की या सरांनी आम्हाला शिकवलं आहे. एवढं म्हणून कागद फायलीत लावला. पण दादा, लाज मला वाटली. तुमची.

त्या दिवशी मी घरात काळा चष्मा घातला होता तर मामाने ऐट म्हटलं. नंतर दोन दिवस सगळ्यांबरोबर आवराआवर केली, सगळे घामाने निथळत होते आणि मी कोरडी; तर चुलतभाऊ हसून म्हणाला, की हिने इकडची काडी तिकडे केलेली दिसत नाही. हे मी सोसलं असतं, ही माणसं घड्याळं नि दुकानं सांभाळणारी. पण तुमच्या पानात होतं, 'मी स्वतः रक्तदाब मोजला आहे.' त्यानंतर माझ्या बोलण्याला काय वजन? म्हणून कोरं पान घातलं. तुम्हाला तो उद्धटपणा वाटला, असं कळलं.

सोबतीला येऊ का, असं विचारलंत. नको. आधी फिरत्या पत्रात पान लिहा. त्याच वाटेने जाऊ दे: मामा, मावशी, चुलतभाऊ, आणि शेवटी मी. मला आधी दाखवू नका. मागचंही दाखवलं नव्हतं.

वहिनीला माझा नमस्कार, तो मात्र बिनशर्त.

धाकटी

---

दि. २ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
तुझ्या वहिनीचे खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या दादांना न सांगता लिहिते आहे, म्हणजे त्यांना माहीत आहे पण ते माहीत नसल्यासारखं करताहेत.

तुझं पत्र आल्यापासून घरात एक नवीनच प्रकार चालू आहे. जो येईल त्याला आधी कोचावर आडवं करतात, मोजतात. मग उभं करतात, घड्याळ लावून तीन मिनिटं थांबवतात, परत मोजतात. माझं चार वेळा झालं. काल पोस्टमन सहीसाठी दारात आला, त्यालाही म्हणाले, जरा आडवे व्हा. तो बिचारा पिशवी सोडून पळाला. मी हसले तर हे मात्र हसले नाहीत. यंत्राची पट्टी गुंडाळत म्हणाले, की पाच मिनिटांचं काम होतं गं.

त्यांनी त्या डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. मी शेजारीच बसले होते. बाई फार अदबीने बोलल्या. निदान कसं सुचलं असं यांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या की सर, तुमच्याच व्याख्यानातलं वाक्य आठवलं. 'जो आडवा असताना बरा आणि उभा राहिला की पडतो, त्याला आळशी म्हणण्यापूर्वी रक्तदाब दोनदा मोजा.' त्यांची ती वही अजून जपलेली आहे म्हणे. यांनी फोन ठेवला आणि संध्याकाळी फिरायलाही गेले नाहीत. इतकी वर्षं संसार केला, पण यांना असं मान खाली घालून बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

पानाचे चार खर्डे झाले. पहिले तीन मी वाचले. सगळ्यांत मज्जातंतूच! मी म्हटलं, अहो, ती चूक कबूल करायची आहे, परीक्षेचा पेपर नाही. चौथा मला दाखवला नाही, म्हणून वाटतं तो बरा असावा.

मीही तेव्हा गप्प बसले होते गं. तुझं तोंड सुकलेलं मी पाहिलं होतं, पाण्याचा पेला मीच आणून दिला होता. पण यांनी आकडा सांगितला आणि मला वाटलं, यांना जास्त कळतं. ती माझी चूक, ती मी यांच्या पानात लपवणार नाही.

जेवणखाण सांभाळ. पायात ते घट्ट मोजे घालायचे असतात म्हणे, ते घालत जा. माया आहे, ती कोरडी समजू नकोस.

तुझी,
वहिनी

---

फिरत्या पत्रातील पान
दि. ५ फेब्रुवारी

ती. मामा व ती. मावशी यांस साष्टांग नमस्कार, चि. घड्याळवाल्यास आशीर्वाद, आणि चि. धाकटीस, जिला काय पाठवावे ते मला ठाऊक नाही.

आपल्या पत्राचा नियम असा, की नवे पान घालताना प्रत्येकाने आपले जुने पान काढून घ्यावे. दोन वर्षांपूर्वीचे माझे पान मी त्याप्रमाणे काढून घेतले होते. आज नियम मोडून ते परत आत घालीत आहे. ते पुन्हा वाचावे आणि मग हे वाचावे.

त्या पानात मी लिहिले होते: 'मी स्वतः रक्तदाब मोजला आहे. तो पूर्णपणे योग्य आहे. आईसाठी हिच्या डोळ्यांत टिपूस आले नाही, ते एक वेळ चालेल. ज्याचे त्याचे मन. परंतु सगळ्यांचे लक्ष वेधून घेण्यासाठी आजाराचे सोंग आणणे मला सहन होणारे नाही.'

यातले पहिले वाक्य खरे आहे. उरलेले सगळे खोटे आहे, आणि ते मी लिहिले.

धाकटीला असा आजार आहे, की ज्यात शरीर स्वतःच्याच मज्जापेशींवरचे निरोप घेणारे ग्राही नाहीसे करते. अशा माणसाला उभे राहता येत नाही, घाम येत नाही, उजेड सोसत नाही आणि रडता येत नाही. रडू येते, अश्रू येत नाहीत. या वाक्यात जेवढे शास्त्र आहे तेवढेच आज सांगतो. शास्त्राआड लपण्याची मला सवय आहे, हे मला पत्राने कळवण्यात आले आहे, आणि ते बरोबर आहे.

मी हा आजार शिकवीत होतो. रक्तदाब आडवा आणि उभा असा दोनदा मोजावा, हे शेकडो विद्यार्थ्यांकडून घोकून घेतले. त्या दिवशी यंत्र माझ्या हातात होते, बहीण समोर पडलेली होती. तिचा दाब ती आडवी असतानाच मोजला, आणि आडवे असताना तो योग्यच असतो. ती उठून बसू लागली तेव्हा, उभे करून मोजण्याऐवजी, मी दंडावरची पट्टी सोडली. का सोडली, ते दोन वर्षे स्वतःलाही सांगितले नव्हते. ती विस्मरणाने सुटली नाही. आईच्या शेवटच्या आजारात मी फक्त दोन दिवस आलो होतो. धाकटी सात महिने होती. आईने शेवटी हाक मारली ती तिला, आणि मी दारात उभा होतो. मला तिच्यात काहीतरी उणे सापडायला हवे होते. तिचे डोळे कोरडे दिसले आणि मला आनंद झाला. हे लिहिणे टाळता आले असते, पण तिने मला लहानपणीच्या एका फुटलेल्या बरणीची आठवण करून दिली आहे, तेव्हा लिहितो. माझ्याकडून घाई झाली नाही. मी केले. मी केले. मी केले.

तिच्या कोऱ्या पानाला मी उद्धटपणा म्हटले आणि यादीतून तिचा पत्ता माझ्या हाताने खोडला. लखोट्यावर नवी यादी चिकटवली आहे. पाचवे घर पाचव्या जागी आहे. तिने वाट तीच मागितली, म्हणून हे पान तिच्याआधी आपण सगळे वाचीत आहात. माझी लाज आपणा सर्वांच्या हातून जावी, हे योग्यच आहे. तिची अब्रूही तशीच गेली होती.

ती. मावशींना एक विनंती. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, त्यात त्यांचा काही अपराध नाही. तोच विश्वास आणखी एकदा ठेवावा.

प्रेम मागण्याची आज माझी पात्रता नाही. पान पुढे पाठवावे, एवढेच मागतो.

आपला,
दादा

---

दि. १ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हो, 'ती.' लिहिलं. शाई वाळू द्या, फार वेळ बघत बसू नका.

लखोटा परवा आला. वाटेत ज्याने त्याने आपापल्या परीने उत्तर दिलं आहे, ते तुम्हाला कळायला हवं. मामाने अर्धं पान दुकानाच्या नव्या फळ्यांवर लिहिलं आणि शेवटी खाली चेंगरून एक ओळ, की काळा चष्मा चांगला दिसत होता. चुलतभावाने काहीच लिहिलं नाही. आपल्या आईचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ दुरुस्त करून, कापसात गुंडाळून घातलं आहे. आणि मावशी पहिल्या दिवशी रुग्णालयात आपणहून येऊन उभी. हातात घडीचं स्टूल. मला म्हणाली, की माझ्याकडे बघू नकोस, लाज वाटते, पण हात दे. चारही वेळा तीच आली. परिचारिकांना ती सांगते, की आमच्या घरात याचं सगळं शास्त्र लिहून आलेलं आहे, विचारा काय ते.

चार खेपा झाल्या. वरच्या ओठावर परवा ओलसर लागलं. मी जिभेने चाटून पाहिलं, खारट! घामच. पेढे घेऊन मुकादमीणबाईंना दाखवायला गेले, तर त्या म्हणाल्या की घाम आला म्हणून पेढे वाटणारी बाई मी पहिल्यांदा बघते. रक्तदाब आडवी असताना १३०, उभी राहिल्यावर १०२. महिन्यापूर्वी हाच आकडा ७८ होता. डॉक्टरीणबाई आता माझ्याच भाषेत म्हणतात, की काही काजं नवी झालेली दिसतात. औषधं चालू ठेवायची, हुरळून जायचं नाही.

डोळे अजून कोरडेच आहेत. तुमचं पान वाचलं तेव्हाही काही आलं नाही. म्हणजे आतून आलं, पण वाटेत अडलं. तुम्हाला कुठे ते सांगायला नको. शेवटी नेहमीचे औषधाचे थेंब दोन्ही डोळ्यांत घातले आणि ते गालांवरून खाली आले. तेवढ्यात शेजारीण डोकावली. तिला वाटलं, मी रडते आहे. ती दार ओढून घेऊन हलकेच निघून गेली. मी तिला सांगायला गेले नाही. म्हटलं, असू दे. बरोबरच समजली आहे.

आईने हाक मारली तेव्हा तुम्ही दारात होतात, हे मला माहीत होतं. तुम्ही दारात पोहोचण्याच्या थोडं आधी तिने 'दादा आला का' असंच विचारलं होतं. मी म्हटलं, गाडीत असेल, पोहोचेल. मग तिने मला हाक मारली. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं; पण तुम्ही मोजायला लागलात, आणि मला राग आला. माझ्याकडेही असं एक पान होतं, दादा, आणि ते मी कोरं ठेवलं.

तुमचं जुनं पान परत पाठवत नाही. फाडलंही नाही. नव्या पानाला टाचून ठेवलं आहे, दोन्ही एकत्रच वाचायची आहेत.

पाचव्या खेपेला जागा नव्हती म्हणून ती लांबली, आता ७ तारखेला सकाळी नऊ वाजता. त्या दिवशी मावशीला सुट्टी दिली आहे. येताना वहिनीला आणावं आणि यंत्र आणावं. बाईंकडे त्यांचं आहे, तरी आपलंच आणावं. आधी आडवी असताना मोजा. मग मी उभी राहीन. पहिली तीन मिनिटं माझा भरवसा नसतो, तेवढा वेळ मला धरून ठेवावं लागेल. आकडा नंतर लिहिला तरी चालेल.

तुमची,
धाकटी